अनुदान नत्राला, आयात तेलाची

पेरणीचे दिवस जवळ आले की लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या कोरडवाहू गावांत दोन प्रकारचे उपदेशक फिरू लागतात. पहिला खताच्या गोणीचा प्रचारक असतो. उत्पादन घटले, तर त्याच्या मते त्याचे एकच कारण असते : खत कमी पडले. दुसरा निसर्गाचा प्रचारक असतो. त्याच्या मते जमीन बिघडण्याचेही एकच कारण असते : खत घातले. दोघांच्या उपदेशात आकाशपाताळाचे अंतर दिसते. परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. दोष शेतकऱ्याचा आहे, सुधारायचे त्यानेच आहे आणि खर्चही त्यानेच करायचा आहे, याविषयी दोघांनाही शंका नाही. धोरण आखणारे, अनुदान वाटणारे आणि तेल आयात करणारे या दोन्ही प्रवचनांतून सहीसलामत सुटतात.

सूर्यफुलाला रासायनिक खत द्यावे की जैविक, हा वाद म्हणूनच मुळात खोटा आहे. पिकाने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे, कृषी विद्यापीठांनीही दिले आहे : दोन्ही द्यावीत, प्रमाणात द्यावीत आणि माती पाहून द्यावीत. खरा प्रश्न वेगळा आहे. हे साधे शास्त्र अमलात आणणे कोरडवाहू शेतकऱ्याला ज्या व्यवस्थेने अशक्य करून ठेवले आहे, ती व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे?

थोडा इतिहास आठवला पाहिजे. तेलबियांचे पीक म्हणून सूर्यफूल आपल्याकडे आले ते 1969 च्या सुमारास, सोव्हिएत संघाकडून मिळालेल्या वाणांच्या रूपाने. क्रास्नोदार येथील सरकारी संशोधन संस्थेत व्ही. एस. पुस्तोव्होइत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके निवड करून बियांतील तेलाचे प्रमाण तीस-पस्तीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांच्या घरात नेले होते. ‘पेरेदोविक’सारखे ते वाण कोणा कंपनीची मालमत्ता नव्हते, सार्वजनिक विज्ञानाने जगाला दिलेली ती देणगी होती. पुढे 1980 मध्ये बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने बीएसएच-1 हा संकरित वाण दिला. तोही सार्वजनिक संस्थेचाच. 1986 मध्ये केंद्राने तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले. बियाणे, खत, भाव आणि खरेदी यांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा 1990 च्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. 1993-94 च्या सुमारास देशातील सूर्यफुलाचे क्षेत्र 26 लाख हेक्टरांच्या पुढे गेले होते. आज त्याचा दहावा हिस्साही धड उरलेला नाही. नेक्रोसिसच्या विषाणूने पिकाला झोडपले, पक्ष्यांनी दाणे टिपले, सोयाबीनने शेत बळकावले, ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु रोग, पक्षी आणि स्पर्धक पिके जगात सर्वत्र असतात. आपल्याकडे शेतकऱ्याने हात टेकले, कारण त्याच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही.

आता खताकडे वळू. सूर्यफूल हे खादाड पीक आहे. त्याचे सोटमूळ खोल जाते आणि खालच्या थरांतील ओल व अन्नद्रव्ये ओढून घेते. त्याला नत्र लागते, स्फुरद लागते, पालाश तर भरपूर लागते. परंतु हे तेलाचे पीक असल्यामुळे गंधक त्याला विशेष लागते. गंधक कमी पडला की तेल उतरत नाही. बोरॉन कमी पडले तर कणसाच्या मध्यभागी दाणे पोचट राहतात. म्हणून फुले उमलण्याच्या सुमारास बोरॅक्सची सौम्य फवारणी करण्याची शिफारस आहे. नत्राची गोष्ट मात्र उलटी आहे. ते योग्य प्रमाणात दिले तर उत्पादन वाढते. प्रमाणाबाहेर दिले तर झाड माजते, लोळते, बियांत प्रथिन वाढते आणि तेलाची टक्केवारी घसरते. हे कोणत्याही पंथाचे मत नाही. कृषिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला तो साधा धडा आहे.

आणि सरकार नेमके काय करते? ज्या द्रव्याच्या अतिरेकाने तेल घटते, तेच सर्वांत स्वस्त ठेवते. 2010 च्या पोषणद्रव्याधारित अनुदान धोरणात स्फुरद, पालाश आणि गंधक यांना आणले गेले. युरियाला मात्र त्याबाहेर ठेवण्यात आले. युरियाची मूळ विक्री किंमत 2012 पासून जवळजवळ हललेली नाही. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, आणि डीएपीच्या 50 किलोच्या गोणीला 1350 रुपये मोजावे लागतात. मग ज्याच्या खिशात पेरणीपुरतेच पैसे आहेत, तो काय विकत घेईल? त्याने युरिया टाकला तर त्याला अडाणी म्हणायचे आणि युरिया स्वस्त ठेवणाऱ्याला शेतकऱ्यांचा कैवारी म्हणायचे, हा न्याय अजब आहे.

गंधकाचा हिशेब याहून बोलका आहे. समजा, हेक्टरी 25 किलो स्फुरद द्यायचे आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्के आणि गंधक सुमारे 11 टक्के असतो. म्हणजे तीन गोण्यांपेक्षा थोडे अधिक सुपर फॉस्फेट टाकले की स्फुरदाबरोबर 17 किलो गंधक आपोआप जमिनीत जातो. सूर्यफुलाची भूक त्याने बरीचशी भागते. तेच स्फुरद डीएपीतून दिले तर एका गोणीत काम आटोपते. पण गंधक शून्य! शेतकरी डीएपी घेतो, कारण तीन गोण्यांपेक्षा एका गोणीची वाहतूक सोपी, पेरणीयंत्रात ती सुलभ आणि दुकानात तिचा बोलबाला मोठा. सोसायटीच्या गोदामात सुपर फॉस्फेट वेळेवर पोहोचविणे, त्याची वाहतूक स्वस्त करणे आणि तेलबियांना ते का हवे हे गावोगाव सांगणे, ही शासनाची जबाबदारी होती. ती पार पडली नाही.

शेतकऱ्याने तेलाची चिंता करावी, अशी बाजाराचीही इच्छा नाही. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला आहे. दुधाचा भाव फॅट पाहून ठरतो. सूर्यफूल मात्र बाजार समितीत वजनावर, ओलाव्यावर आणि काडीकचऱ्यावर विकले जाते. बीत तेल किती, हे आडतीवर कोणी विचारत नाही. म्हणजे ज्याने गंधक घातला, बोरॅक्स फवारले, नत्र आवरले, त्याच्या पोत्याला आणि ज्याने नुसता युरिया ओतला त्याच्या पोत्याला एकच भाव. क्विंटलमागे निघणारे चार किलो जादा तेल गिरणीमालकाच्या पिंपात जाते. अशा व्यवस्थेत संतुलित खत हे कष्टकऱ्याने मालकाला दिलेले दान ठरते.

आता जिवाणू खतांची कथा पाहा. ॲझोटोबॅक्टर हा मातीत मोकळा राहणारा जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतो. स्फुरद विरघळविणारे जिवाणू चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत अडकून पडलेले स्फुरद मोकळे करतात. किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम संवर्धक चोळायचे, बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी आणि जिवाणूंची शेवटी करायची, बी सावलीत सुकवून लगेच पेरायचे, एवढीच कृती आहे. नत्राची सगळी गरज हे जिवाणू भागवीत नाहीत, आणि तसा दावा कोणी प्रामाणिक शास्त्रज्ञ करीतही नाही. परंतु रासायनिक नत्राचा काही भाग त्यांनी वाचविला, तरी लहान शेतकऱ्याला आणि देशालाही ती बचत मोलाची आहे. कारण युरियासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा भाग, स्फुरदाचा खडक आणि झाडून सारे पालाश आपण परदेशांतून आणतो.

पण जिवाणू म्हणजे जिवंत वस्तू, हे आपल्या वितरणव्यवस्थेच्या गावी नाही. 2006 मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. पाकिटातील प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे मानक कागदावर लिहिले गेले. ते पाकीट मात्र पत्र्याच्या दुकानात, वैशाखाच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात, कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी पडून असते. शेतकऱ्याच्या हाती पडते तेव्हा त्यात जीव उरला आहे की नुसती काळी भुकटी, हे तपासण्याची सोय त्याच्या तालुक्यात नसते. शिवाय ॲझोटोबॅक्टरला जगायला सेंद्रिय कर्ब लागतो. शेणखत, पालापाचोळा नसलेल्या भुकेल्या जमिनीत तो टाकणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून रिकाम्या पाटावर बसविणे होय. मग पीक बदलत नाही, शेतकरी म्हणतो “हे सगळे थोतांड आहे”, आणि पुन्हा युरियाकडे वळतो. थोतांड विज्ञानात नव्हते, वितरणात होते.

या पोकळीत व्यापाराने नवी युक्ती शोधली आहे. युरियाची टंचाई असली की त्या गोणीबरोबर शेतकऱ्याला नको असलेली एखादी बाटली किंवा पाकीट गळ्यात मारायचे. गावोगावी या जुलमाला ‘लिंकिंग’ असे सुटसुटीत नाव आहे. सरकारी परिपत्रके त्याचा निषेध करतात आणि दुकानदार त्या परिपत्रकांचा आदर करून आपला व्यवहार चालू ठेवतात. 2021 मध्ये मोठ्या गाजावाजाने आलेल्या नॅनो युरियाचा हिशेब शाळकरी मुलानेही करावा. 500 मिलिलिटरच्या बाटलीत 4 टक्के नत्र, म्हणजे 20 ग्रॅम. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलोंहून अधिक. एक बाटली एका गोणीची जागा घेईल असे सांगणाऱ्यांनी या हजारपट तफावतीचे उत्तर प्रथम द्यावे आणि मगच शेतकऱ्याच्या पिशवीत बाटली घालावी. विज्ञानाचे नाव घेऊन श्रद्धा विकण्याचा हा प्रकार आहे.

श्रद्धेचा विषय निघाला आहे, तर दुसऱ्या उपदेशकाशीही स्पष्ट बोलले पाहिजे. जमिनीत जीव आहे, तो जपला पाहिजे, हे त्याचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. रसायनांच्या बेबंद वापराविरुद्ध त्याने आवाज उठविला, हे त्याचे श्रेयही मान्य आहे. परंतु ‘शून्य खर्चाची शेती’ हा शब्द आम्हांला मान्य नाही. पिकाच्या शरीराचा बहुतांश भाग हवा आणि पाणी यांतून घडतो, हे खरे. पण स्फुरद, पालाश, गंधक आणि बोरॉन आकाशातून पडत नाहीत. शेण गोळा करणे, जीवामृत कालवणे, ते वाहून नेणे आणि शेतभर देणे हे श्रम बहुधा घरातील बाईचे असतात. ते शून्य धरले तरच खर्च शून्य होतो. जी विचारसरणी स्त्रीचे श्रम मोजायला विसरते, तिला समाजवाद्यांनी टाळ्या वाजवू नयेत. श्रीलंकेत 2021 मध्ये सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि काही महिन्यांत, पिके हातची गेल्यावर, ती बंदी मागे घ्यावी लागली. वर्षानुवर्षांची सवय हुकमाने मोडू पाहिली, तर उपाशी लहान माणूसच राहतो, हा त्या घटनेचा धडा आहे.

आणि शेण तरी आहे कोठे? जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हाच त्यांनी दाखवून दिले होते की जंगल खात्याने डोंगर-दऱ्या आणि कुरणे ताब्यात घेतल्यावर गरिबाच्या जनावरांना चरायला जागा राहिली नाही. शेताचे सत्त्व पावसाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून बांधबंदिस्ती करा, असेही त्यांनी सरकारला सुनावले होते. त्यानंतर गायराने गेली, दुष्काळात जनावरे विकली गेली, बैलाच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर आला. ज्या अल्पभूधारकाच्या गोठ्यात आज एकही जनावर नाही, त्याला शेणखताचे महत्त्व समजावून सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

येथे सूर्यफुलाचे एक गुपित सांगितले पाहिजे, कारण या साऱ्या वादात ते कोणी बोलत नाही. तेल हे कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू यांचे बनलेले असते. जमिनीतले नत्र, स्फुरद, पालाश, गंधक तेलात जवळजवळ जात नाहीत. ते पेंडीत राहतात. पालाशाचा मोठा साठा धाटांत आणि रिकाम्या कणसांत राहतो. म्हणजे गावाने केवळ तेल बाहेर विकले आणि पेंड जनावरांच्या दावणीला, शेण शेताला व धाटे कंपोस्टच्या खड्ड्याला दिली, तर जमिनीची लूट जवळजवळ थांबते. आपण विकलेले तेल हे मुख्यतः सूर्याचे, हवेचे आणि पावसाचे उत्पन्न असते. परंतु आज सबंध बी पोत्यात भरून दूरच्या गिरणीत जाते. पेंड तेथून कोठे जाईल ते मालक ठरवितो. धाटे बांधावर पेटविली जातात. पोत्याबरोबर गावाची सुपीकता ट्रकमध्ये चढते आणि पुढच्या हंगामात ती गोणीत भरून, पैसे मोजून परत आणावी लागते. खताचा प्रश्न अखेर मालकीच्या प्रश्नापाशी येतो तो असा. गिरणी कोणाची, पेंड कोणाची, हे न विचारता ‘मातीचे आरोग्य’ या विषयावर भरविलेली शिबिरे निरर्थक आहेत.

या शेतकऱ्याला शेवटचा तडाखा आयात धोरणाने दिला. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आरंभी 65 टक्के असलेले शुल्क 1998 पर्यंत 15 टक्क्यांवर उतरले. जागतिक व्यापार संघटनेमुळे हात बांधले गेले, ही सबब येथे चालणार नाही. पाम आणि सूर्यफूल तेलांवर 300 टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा त्या करारात भारताने राखून ठेवली होती. हात मोकळे होते, इच्छा नव्हती. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर युद्ध लादले गेले आणि ज्या प्रदेशाने आपल्याला सूर्यफुलाचे बी दिले त्याच प्रदेशावर आपण सूर्यफूल तेलासाठी किती विसंबलो आहोत, हे घरोघरी कळले. धडा घ्यायचा तो घेतला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात दरसाल 20 लाख टन कच्चे सूर्यफूल तेल दोन वर्षे विनाशुल्क आणण्याची परवानगी दिली गेली. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क वाढविले आणि मे 2025 मध्ये पुन्हा उतरविले. शेतकऱ्याने पेरणीचा निर्णय वर्षाचा विचार करून घ्यायचा आणि दिल्लीने शुल्काचा निर्णय महिन्यांच्या हिशेबाने फिरवायचा!

हमीभाव जाहीर होतोच. 2025-26 साठी तो क्विंटलला 7721 रुपये आहे. पण जाहीर होणे आणि मिळणे यांतील अंतर हरियाणातील शेतकऱ्यांना विचारा. जून 2023 मध्ये 6400 रुपये हमीभाव असताना सूर्यफुलाला बाजारात चार हजारांच्या आसपास भाव मिळत होता. सरकारने खरेदीऐवजी भावफरकाचे हजार रुपये पुढे केले. शाहाबादला शेतकरी महामार्गावर बसले, तेव्हा त्यांना लाठ्या खाव्या लागल्या.

“शहरातील गरिबाला स्वस्त तेल नको का?” असा प्रश्न आम्हांला विचारला जाईल. तो रास्त आहे, आणि समाजवाद्यांना तो टाळता येणार नाही. गिरणगावातील कामगार आणि लातूरचा कोरडवाहू शेतकरी यांना एकमेकांचे शत्रू बनविणे हाच तर या व्यवस्थेचा जुना डाव आहे. परंतु गरिबाला तेल देण्याचा मार्ग रेशनच्या दुकानातून जातो, बंदरातून नव्हे. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ वाटला. त्यात एक लिटर पाम तेल होते. त्या पिशवीत मराठवाड्याच्या करडईचे वा सूर्यफुलाचे तेल का नव्हते? हमीभावाने खरेदी केलेल्या बियांचे तेल सहकारी गिरणीत काढून रेशनवर दिले असते, तर एकाच रुपयात दोन गरिबांचा संसार सावरला असता.

आमच्या मागण्या म्हणून स्पष्ट आहेत. खतावरील अनुदान रद्द करू नये; ते नत्राच्या गोणीवरून काढून मातीच्या गरजेवर द्यावे, आणि तेलबियांसाठी गंधकयुक्त खत व बोरॅक्स सोसायटीमार्फत पेरणीपूर्वी पोहोचवावे. जिवाणू संवर्धके कृषी विद्यापीठांनी आणि सार्वजनिक प्रयोगशाळांनी तालुक्याजवळ तयार करावीत, ती थंड जागेत साठवावीत आणि निर्जीव पाकीट विकणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा. लिंकिंग हा दखलपात्र गुन्हा मानावा. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी दिलेल्या नाडेप पद्धतीच्या टाक्या रोजगार हमीतून प्रत्येक अल्पभूधारकाच्या शेतावर बांधाव्यात, म्हणजे खत करण्याच्या श्रमाला मजुरी मिळेल. सूर्यफुलाचा भाव तेलाच्या उताऱ्याशी जोडावा, हमीभावाने खरेदी बंधनकारक करावी. आणि गावगटाच्या मालकीच्या सहकारी तेलघाण्यांना भांडवल द्यावे, त्यांची पेंड सभासदांनाच मिळावी.

केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये तेलबियांसाठी 10,103 कोटी रुपयांचे नवे राष्ट्रीय अभियान मंजूर केले आहे. आकडा मोठा आहे. परंतु आयातीचे दार उघडे, युरिया स्वस्त, जिवाणू मृत आणि पेंड परक्याच्या गोदामात, अशा स्थितीत तो पैसा फलकांवर आणि मेळाव्यांवर खर्ची पडेल, ही भीती अनुभवातून आलेली आहे.

राममनोहर लोहियांनी समाजवादी कार्यकर्त्याला फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन प्रतीके दिली होती. या प्रश्नात तिन्हींना काम आहे. फावड्याने कंपोस्टचा खड्डा खणायचा आहे. लिंकिंग करणाऱ्या दुकानासमोर आणि हमीभाव नाकारणाऱ्या बाजार समितीसमोर सत्याग्रह करून वेळ पडली तर तुरुंगात जायचे आहे. आणि आमच्या तव्यावरचे तेल कोणाच्या शेतातून येणार, हा प्रश्न मतपेटीपर्यंत न्यायचा आहे. रासायनिक की जैविक, हा वाद ज्यांना फावल्या वेळात घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ तेवढा वेळ नाही. त्याची पेरणी तोंडावर आली आहे.